एकविसाव्या मोदकाचा अहवाल

आमच्या घराण्यात आजवर दोनच चौकशी समित्या नेमल्या गेल्या. पहिली आजोबांच्या काळात. कुरडयांसाठी शिजवलेला चीक पातेल्यातून कोणी कमी केला, हा तिचा विषय. आजीने आजोबांच्या मिशीकडे एकदाच पाहिलं आणि समितीचं कामकाज तिथेच आटोपलं. दुसरी समिती मागच्या गणपतीत नेमली गेली. ती एकसदस्यीय होती आणि तो सदस्य मी. तिचं काम चार महिने चाललं. तिच्यापायी मला क्लाउड, पिक्सेल, कॉम्प्रेशन असल्या गोष्टींत डोकं घालावं लागलं. त्या समितीचा हा अहवाल. सरकारी अहवालांच्या मानाने तो लवकर आलाय, हे आधीच नोंदवून ठेवतो.

प्रकरण असं. माझा थोरला भाऊ गिरगावात चाळीत राहतो, पागडीच्या दोन खोल्यांत. गणपती तिथेच बसतो. आम्ही डोंबिवलीहून पहाटेची गाडी पकडून जातो आणि दिवसभर तिथे लुडबुड करतो. चतुर्थीला वहिनीने उकडीचे एकवीस मोदक केले, मोजून एकवीस. केळीच्या पानावर त्यांचा डोंगर रचला. शेजारी चिंचेने घासलेला पितळी तांब्या ठेवला. तोंड पाहून भांग पाडावा इतका तो लखलखत होता. आत्या पैठणी नेसून मखराच्या बाजूला उभी राहिली. दादाच्या मुलाने नवा फोन काढला आणि "हलू नका, फिफ्टी मेगापिक्सेल आहे" असं बजावून फोटो काढला. मी मागे बसून दुर्वा निवडत होतो. उजव्या हाताच्या तर्जनीत पुष्कराजाची जाडजूड अंगठी असली की दुर्वा निवडताना त्रास होतो, पण गुरू दुबळा असल्यावर सोसावं लागतं.

मग आरती झाली, मंत्रपुष्पांजली झाली, नैवेद्य दाखवून झाला. वहिनीने प्रसादाला हात घातला आणि थबकली.

"वीसच आहेत."

पुढचा अर्धा तास लोकसभेसारखा गेला. संशय अर्थातच चाळीतल्या पोरांवर. पण खरा मुद्दा कोणी खाल्ला हा नव्हताच, कधी खाल्ला हा होता. नैवेद्यानंतर खाल्ला असेल तर ती नुसती भूक. आधी खाल्ला असेल तर ते पाप, आणि तेही देवाच्या डोळ्यांदेखत. तेव्हा पुतण्या म्हणाला, "अहो, आरतीच्या आधीचा फोटो आहे ना! मोजा त्यातले." त्याने फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी आपापल्या फोनवर मोजले. आत्याचे एकोणीस भरले, माझ्या बायकोचे बावीस. दादाने चष्मा पुसून पुन्हा मोजले आणि साडेवीस सांगितले. मागच्या रांगेतले मोदक एकमेकांत विरघळून हिमालयासारखे दिसत होते. शिखरं किती ते कळेना.

"व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो दाबला जातो. ओरिजिनल क्लाउडवर आहे," पुतण्या म्हणाला.

आत्याने खिडकीतून वर पाहिलं. भाद्रपद होता, ढग होतेच.

मी बँकेत कॉम्प्युटरवर आहे, असा घरात समज आहे. खरं म्हणजे कॉम्प्युटर माझ्यासमोर आहे. पण तेवढ्या पात्रतेवर मला समिती नेमण्यात आलं. फोटो कुठे ठेवावेत, कोणत्या दर्जात ठेवावेत आणि मोदक नेमके किती होते, हे तीन प्रश्न माझ्याकडे सोपवले गेले. मी नम्रपणे नको म्हणत होतो. खूप नम्रपणे म्हणत होतो. पण आत्या म्हणाली, "तूच कर. तुझ्यावर विश्वास आहे."

आता पहिला प्रश्न. फोटो कुठे ठेवावेत?

या धंद्यात शिरल्यावर माझ्या लक्षात आलं की क्लाउड ही सगळी भाडेकरू आणि घरमालकांची गोष्ट आहे, आणि ती गिरगावकराला समजावून सांगावी लागत नाही. गुगल फोटोज २०१५ साली आलं तेव्हा त्याचा थाट चुलतमामासारखा होता. घर तुमचंच आहे, हवं तेवढं सामान आणा, पैशांचं नाव काढू नका. अट एकच. फोटो १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठा असेल तर आम्ही तो तेवढ्यावर आणू आणि जरा दाबून ठेवू. या दाबून ठेवण्याला त्यांनी 'हाय क्वालिटी' असं नाव दिलं होतं. गाद्या दाबून माळ्यावर टाकणाऱ्याने त्याला 'उच्च दर्जा' म्हणावं, तसं. पाच-सहा वर्षं सगळं जग तिथे सामान टाकत राहिलं. मग मामाने सांगितलं की १ जून २०२१ पासून जे येईल ते १५ जीबीत मोजलं जाईल, आणि ते १५ जीबी एकट्या फोटोंचे नाहीत, तुमचं जीमेल आणि ड्राइव्हही त्याच खोलीत झोपतील. 'हाय क्वालिटी'चं नावही बदलून 'स्टोरेज सेव्हर' झालं. गादी तीच, पाटी प्रामाणिक.

मात्र त्या तारखेच्या आधी दाबून ठेवलेले फोटो हिशेबात धरले जात नाहीत. हे दादाला सांगितल्यावर त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे ते पागडीवाले!" तो म्हणाला. अगदी बरोबर. २०२१ च्या मेमधला आंब्याच्या पेटीचा फोटो पागडीवर राहतो, आणि जूनमधला पहिल्या पावसाचा फोटो बाजारभावाने भाडं भरतो. आंबा जुना भाडेकरू, त्याला कोण हलवणार?

अ‍ॅपलचं आयक्लाउड म्हणजे जुन्या वळणाचे घरमालक. २०११ साली त्यांनी ५ जीबी फुकट देऊ म्हणून सांगितलं आणि आजही तेवढेच देतात. मधल्या काळात फोनमधल्या फोटोंचं वजन किती वाढलं, माणसांचं किती वाढलं, त्याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. ड्रॉपबॉक्स २ जीबी देतं. हा पाहुणचार गूळपाण्याचा. गूळ खा, पाणी प्या, आणि मग किती दिवस राहणार ते सांगा.

खरी करमणूक आहे ती 'अमर्यादित' या शब्दाची. २०१४ साली मायक्रोसॉफ्टने ऑफिस वापरणाऱ्या वर्गणीदारांना वनड्राइव्हवर अमर्यादित जागा द्यायचं जाहीर केलं. वर्षभरात, २०१५ च्या नोव्हेंबरात, ते मागे घेतलं. कारण काही मंडळींनी एकेकट्याने ७५ टीबीच्या वर सामान आणून टाकलं होतं. सरासरी गिऱ्हाइकाच्या १४,००० पट, असं कंपनीनेच सांगितलं. अमर्यादित थाळीच्या खानावळीत हा माणूस प्रत्येकाने पाहिलाय. तो दुपारी बाराला बसतो, वाढपी थकतात, आचारी बाहेर येऊन तोंड पाहून जातो, आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवर पाटी लागते की भात एकदाच मिळेल. आणि गंमत अशी की त्या एकाच्या १४,००० वाट्यांची शिक्षा आपल्यासारख्या दीड पोळीवाल्यांना होते. फ्लिकरचंही तेच. २०१३ मध्ये फुकटात १ टीबी, आणि मालक बदलल्यावर २०१९ पासून फुकट खात्याला फक्त १,००० फोटो. टीबीवरून एकदम नगावर. किलोने मिळणारी वांगी डझनावर यावीत, तसं.

तेव्हा समितीचा पहिला निष्कर्ष असा की फुकट ते भाडेकराराच्या पहिल्या पानापुरतं असतं. पैसे मोजायचे तर आपल्याकडे गुगलच्या १०० जीबीला महिन्याला १३० रुपये आणि आयक्लाउडच्या ५० जीबीला ७५ रुपये पडतात. आत्याने ऐकून हिशेब केला, "म्हणजे न पाहिलेल्या फोटोंना ठेवायला महिन्याला दोन नारळ जास्तच."

न पाहिलेले हे खरंच. पूर्वी रोल छत्तीसचा असायचा. आमचे वडील तो वर्षभर पुरवत. दसऱ्याला सोनं वाटताना दोन, दिवाळीत चार, एक माथेरानला. छत्तिसावा फोटो शिल्लक आहे म्हणून रोल धुवायला टाकायचा राहायचा, आणि तो संपवायला कोणाला तरी कुंडीशेजारी उभं करायचे. म्हणून आमच्या अल्बमात माणसांपेक्षा कुंड्या जास्त. आज १२ मेगापिक्सेलचा एक फोटो साधारण चार एमबीचा धरला तर १५ जीबीत पावणेचार हजार बसतात. म्हणजे १०४ रोल. वडिलांच्या वेगाने १०४ वर्षं पुरले असते. माझे दोन वर्षांत संपले. समिती म्हणून मी माझा साठा तपासला, तर त्यात विजेच्या मीटरची बेचाळीस रीडिंगं होती. औषधाच्या रिकाम्या पाकिटांचे फोटो, वायरमनने विचारलेल्या स्विचबोर्डाचे फोटो, पार्किंगमधल्या खांबांचे नंबर, आणि सकाळी सकाळी आलेले सूर्योदय, गुलाब, वाफाळते चहाचे कप. माझा चहा तोवर थंड झालेला असतो, पण हा कप क्लाउडवर वर्षानुवर्षं वाफाळत राहतो आणि मी त्याचं भाडं भरतो.

आता दुसरा प्रश्न. फोटो दाबायचा म्हणजे काय करायचं?

मला वाटायचं, गादीसारखा वरून दाब देतात. तसं नाही. जेपेग ही पद्धत १९९२ साली प्रमाण ठरली. ती आधी फोटोच्या वड्या पाडते. आठ ठिपके रुंद, आठ ठिपके उंच. एका वडीत चौसष्ट ठिपके. मग प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहून ठेवण्याऐवजी त्या वडीत सपाट भाग किती, चढउतार किती, बारीक खरखर किती, असा हिशेब मांडते. माणसाच्या डोळ्याला बारीक खरखर फारशी जाणवत नाही, म्हणून तिच्या हिशेबातले सुटे पैसे सोडून देते. सव्वासातचे सात, अर्ध्याचा शून्य. शिवाय उजेड-अंधारातला फरक डोळ्याला चटकन कळतो, रंगातला तेवढा कळत नाही. म्हणून रंगाची नोंद कमी ठिकाणी घेते. थोडक्यात, गिऱ्हाइकाच्या लक्षात येणार नाही तेवढंच काढायचं. दूधवाल्याला हे शास्त्र पूर्वीपासून अवगत होतं. त्याने फक्त पेपर लिहिला नाही.

पेपर लिहिला तो नासिर अहमद यांनी. जन्म बेंगळुरूचा, पुढे अमेरिकेत प्राध्यापक. १९७२ साली त्यांनी या हिशेबाची युक्ती मांडून तिकडच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे पैसे मागितले. परीक्षकांना ती फारच सोपी वाटली आणि पैसे मिळाले नाहीत. मग टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्याबरोबर त्यांनी ती १९७४ मध्ये छापली. आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये ती सोपी युक्ती बसलेली आहे. हे ऐकल्यावर वहिनी म्हणाली, "उकड काढणं पण बघणाऱ्याला सोपंच वाटतं."

दाबण्याची खोड अशी की ती एकदाच थांबत नाही. फोटो पुन्हा पाठवला, पुन्हा साठवला, स्क्रीनशॉट काढून पुढे ढकलला की दरवेळी नव्याने सुटे पैसे सोडले जातात. उसनं गेलेलं भांडं पाच घरं फिरून येतं तेव्हा प्रत्येक घरातून एकेक पोचा घेऊन येतं, तसं. पुतण्याच्या बारशाचा आमच्याकडचा एकमेव फोटो असा सतरा घरं फिरून आलाय. त्यात पाळणा आहे, पाळण्यात काहीतरी आहे, एवढं निश्चित सांगता येतं. व्हॉट्सअ‍ॅपने २०२३ मध्ये 'एचडी'चं बटण दिलं, आणि फोटो डॉक्युमेंट म्हणून धाडला तर जसाच्या तसा जातो, हेही मला समितीवर आल्यावर कळलं. त्यापूर्वी मी फक्त सदस्य होतो, ग्रुपचा.

आयफोनवाल्यांची आणखी एक युक्ती आहे. फोनमध्ये जागा कमी पडली की मूळ फोटो क्लाउडवर ठेवायचा आणि फोनमध्ये त्याची लहानशी प्रत. आत्याला हे एका वाक्यात कळलं. "लॉकरमध्ये पाटल्या आणि लग्नाला एक ग्रॅमचं."

पण जगात सगळ्यांनाच मोठा फोटो हवा असतो, अशा भ्रमात मात्र राहू नये. पुतण्याने बँकेच्या भरतीचा अर्ज भरला तेव्हा फोटो २० ते ५० केबीचा हवा होता आणि सही १० ते २० केबीची. फिफ्टी मेगापिक्सेलवाला कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात रांगेत उभा. दुकानाच्या दारावर पाटी होती, 'फोटो लहान करून मिळेल'. आपल्या देशात फोटो मोठा करून देणारे स्टुडिओ बंद पडत गेले आणि लहान करून देणाऱ्यांचा धंदा तेजीत आहे. दुकानदाराने दहा रुपये घेतले, १४ एमबीचा पुतण्या ४८ केबीत बसवला आणि वर म्हणाला, "अजून दोन केबी शिल्लक आहेत, हसतोस का?"

आता प्रयोगाकडे येतो. शास्त्रीय प्रयोगाशिवाय अहवालाला वजन नाही. मी मोदकांच्या त्या फोटोच्या चार प्रती केल्या. एक मूळ, ५० मेगापिक्सेलची. दुसरी 'स्टोरेज सेव्हर', १६ मेगापिक्सेलवर आणलेली. तिसरी 'एक्स्प्रेस'. हा पर्याय २०१८ च्या अखेरीस आपल्याकडे आला, मंद नेटवर्कवाल्यांसाठी. त्यात फोटो ३ मेगापिक्सेलचा होतो. आपल्याकडच्या गाड्यांचा अनुभव असा की नाव एक्स्प्रेस असलं की आत माणसं दाबून भरलेली असणारच, त्यामुळे कोणालाही आश्चर्य वाटलं नाही. चौथी प्रत ग्रुपवरची, सगळ्यांत कृश. चारही प्रती दादाच्या टीव्हीवर ओळीने लावल्या आणि कोणती कोणती ते न सांगता विचारलं, ठेवायची कोणती?

दादाने पहिल्या दोन प्रतींमध्ये वीस मिनिटं घालवली. जवळ गेला, लांब गेला, एक डोळा मिटून पाहिलं. अखेर म्हणाला, "दोन्हीत मीच दिसत नाहीये, मग फरक काय पडतो?" गुगलच्या सांगण्यानुसार १६ मेगापिक्सेलचा फोटो २४ बाय १६ इंचांपर्यंत चांगला छापता येतो. आमच्या भिंतीवर कालनिर्णय आणि घड्याळ सोडून एवढी मोकळी जागा नाही. तेव्हा त्याहून मोठा दर्जा घेऊन लावणार कुठे, जिन्यात?

आत्याने क्षणाचाही विचार न करता एक्स्प्रेसवर बोट ठेवलं. "ही. यात मी किती नितळ दिसते." मूळ प्रतीत तिची पैठणी अप्रतिम होती, पदरावरच्या मोराचा डोळासुद्धा मोजून घ्यावा अशी. पण तितक्याच प्रामाणिकपणे वयही आलं होतं. तीन मेगापिक्सेलमध्ये मोर आंधळा झाला आणि आत्या दहा वर्षांनी लहान. तिला हा सौदा मान्य होता.

वहिनीने ग्रुपवरची प्रत निवडली. मला वाटलं, तिला नीट दिसत नसेल. तर तिने मखराच्या मागची भिंत दाखवली. मूळ प्रतीत पोपडे दिसतात, जळमटाचा एक तंतू दिसतो आणि बटणाच्या बोर्डावरचे बोटांचे डागही. "गणपतीच्या आधी पंधरा दिवस घर पुसत होते मी. हे कोणी अमेरिकेत पाहिलं तर काय म्हणेल? ती चौथीच ठेवा. त्यात रंग काढल्यासारखा वाटतो."

बायकोने सेव्हरची निवडली, कारण मूळ प्रतीत तिच्या साडीचा फॉल सुटलेला दिसत होता.

आणि तिथे मला या सगळ्या विषयाची गोम कळली. प्रत्येक जण दर्जा निवडत नव्हता. आपली खोट ज्यात दिसत नाही तेवढा दर्जा निवडत होता. मूळ दर्जा सगळ्यांना हवा असतो, पण दुसऱ्याच्या फोटोत. जेपेगवाल्यांनी डोळ्याला न जाणवणारं काढायचं शास्त्र केलं. घराघरांत त्याच्या कितीतरी आधीपासून मनाला न परवडणारं काढायचं शास्त्र आहे. लग्नाच्या आठवणींत मांडवातलं भांडण नसतं, माहेरच्या आठवणींत ओढग्रस्त नसते. सुटे पैसे सोडूनच घरं चालतात.

राहिला तिसरा प्रश्न. मोदक.

रात्री सगळे झोपल्यावर मी मूळ प्रत उघडली आणि दोन बोटांनी मोठी करत गेलो. मागच्या रांगेतले मोदक एकेक सुटे झाले. पाकळ्या मोजता येत होत्या. एक, दोन, तीन... वीस. म्हणजे आरतीच्या आधीच वीस. म्हणजे पाप. डोंगराच्या मागच्या बाजूला एक खळगा होता आणि केळीच्या पानावर तुपाचा गोल ओला ठसा. मी आणखी मोठं केलं. शेजारी तो पितळी तांब्या, चिंचेने घासलेला. त्याच्या पोटात सगळी खोली वाकडी होऊन उतरली होती. मखर, खिडकी, आत्याची पाठ. आणि कडेला, नखाएवढा, एक हात. हातात दुर्वा नव्हत्या. तर्जनीवर पिवळं काहीतरी चमकत होतं.

मी फोन पालथा ठेवला. पाणी प्यालो. पुन्हा उघडला. तंत्रज्ञानाची प्रगती खरंच अचाट आहे.

मग समितीने चारही प्रतींचा तौलनिक अभ्यास नव्या उत्साहाने केला. सेव्हरमध्ये हात होता, पण अंगठीचा नुसता पिवळा ठिपका झाला होता. झेंडूची पाकळी म्हणता आली असती. एक्स्प्रेसमध्ये हाताच्या जागी समईचा उजेड पडल्यासारखा वाटत होता. ग्रुपवरच्या प्रतीत त्या ठिकाणी फक्त भक्तिभाव होता.

दुसऱ्या दिवशी समितीने अहवाल सादर केला. एक, उपलब्ध पुराव्यावरून मोदकांची संख्या निश्चित सांगता येत नाही. दोन, ५० मेगापिक्सेल ही निव्वळ उधळपट्टी असून मध्यमवर्गीय घराला ती शोभत नाही. तीन, पुतण्याचं खातं भरत आलं असल्याने त्याने 'स्टोरेज परत मिळवा' हे बटण त्वरित दाबावं, म्हणजे सगळे मूळ फोटो सेव्हरमध्ये बदलतील. हे बटण एकदा दाबलं की मूळ प्रत परत मिळत नाही. हे पुतण्याने मला दोनदा सांगितलं. मी म्हणालो, "होय, वाचलंय मी ते." त्याच्या फोनमधली प्रतही जागेअभावी काढून टाकावी, ही शिफारस मी तोंडी केली. चार, पुष्कराज. ही शिफारस अहवालात नव्हती. पण गुरू आता पुरेसा बळकट झालाय असं मला मनापासून वाटलं, आणि अंगठी कपाटाच्या लॉकरमध्ये गेली.

अहवाल एकमताने मंजूर झाला. आत्या म्हणाली, "बघा, म्हणून याला नेमलं."

यंदाच्या चतुर्थीला पुन्हा गिरगाव. तोच तांब्या, यंदा आणखी घासलेला. केळीच्या पानावर मोदकांचा डोंगर. पुतण्या फोन घेऊन सरसावला, आत्या मखराशेजारी उभी राहिली. मी मागे जाऊन दुर्वांची जुडी हातात घेतली. इतक्यात वहिनी स्वयंपाकघरातून आली. हातात वाटी होती, वाटीत एक मोदक, वर तुपाची धार. तिने वाटी माझ्यासमोर ठेवली आणि मला एकट्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली,

"भावजी, यंदा बावीस केलेत. हा मोदक नैवेद्यातला नाही, बिनधास्त खा. आणि मग हात फोटोच्या बाहेर ठेवा. मागच्या वर्षी सदऱ्याच्या खिशावरचा तुपाचा डाग काढताना मला लिंबू लागलं होतं."